झोपून दाखवणाऱ्याची जळजळ

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार कागदावरच मानून घ्यावा. प्रत्यक्षात सध्या मला जेवणानंतर वाकायची सक्त मनाई आहे आणि हे पत्र मी जेवणानंतर लिहितो आहे. मनाई कोणाची आणि कशामुळे, ते पुढे येईलच.)

मामींचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना अजून कठड्याला धरतात की तुम्हाला? दुकानाच्या छपराचा पत्रा बसवून झाला का? दारातल्या कुत्र्याचं लंगडणं थांबलं का? तुमच्या प्रकृतीची मात्र मी चौकशी करत नाही, कारण मागच्या पत्रात 'माझी प्रकृती उत्तम आहे' हे वाक्य तुम्ही सुरुवातीला लिहिलंत, मध्ये लिहिलंत आणि सहीच्या खाली पुन्हा लिहिलंत. इतक्यांदा लिहिलं की वाचणाऱ्याला उगाच शंका येते. पण मी शंका घेणार नाही. मामींनी परवा फोनवर तुमच्या सुनेला, म्हणजे आमच्या हिला, सांगितलं की तुमच्याही छातीत बरेच दिवस जळजळतं आहे, पेन्सिल ठेवायच्या खिशात आता सोड्याची पुडी असते, ताट अर्ध्यावर सरकवता, आणि डॉक्टर हा शब्द घरात कोणी काढला की रंधा आपटता. हा विषय पत्रात काढायचा नाही असं मामींनी हिला बजावलं आणि हिनं मला बजावलं. काढला तर तुम्ही पत्र न वाचता सरसाच्या भांड्याखाली पेटवाल, असं त्यांचं म्हणणं पडलं. तेव्हा मी तो काढत नाही. मी फक्त माझ्या स्वतःच्या जळजळीची हकिकत लिहितो. त्यातून काही घ्यावंसं वाटलं तर घ्या, नाहीतर हसून सोडून द्या.

माझी नोकरी काय आहे हे तुम्हाला सांगायला नको, कारण ती तुम्हीच लावून दिलीत. गाद्यांच्या दुकानाला तेव्हा तुम्ही पलंग पुरवत होतात. मला करवत धरता येत नव्हती, रंधा मारता येत नव्हता, आणि तुम्ही पाठ फिरवली की मी ढलप्यांच्या ढिगात गाढ झोपत असे. एके दिवशी तुम्ही मला हाताला धरून मालकांपुढे उभं केलंत आणि म्हणालात की याला दुसरं काही येत नाही, पण झोपतो फार सुंदर. मालकांनी मला तिथल्या तिथे एका गादीवर झोपवून पाहिलं आणि ठेवून घेतलं. (पुढे मुलाखत अशी मी कुठेच दिली नाही, आणि देईनसं वाटतही नाही.)

आता गादी विकणं हे बाहेरून वाटतं तितकं सोपं नाही. चार लोकांसमोर बूट काढून आडवं व्हायला गिऱ्हाइकाला लाज वाटते. विशेषतः नवरा-बायको मिळून आले असतील तर दोघं गादीच्या कडेला नुसते टेकतात, हातानं दाबून पाहतात आणि 'विचार करून सांगतो' म्हणून निघतात. तिथे माझं काम सुरू होतं. मी बूट काढतो, आडवा होतो, पोटावर हात जुळवतो, डोळे अर्धे मिटतो, एक लांब श्वास सोडतो आणि चेहरा करतो. तो चेहरा महत्त्वाचा. जन्मभराची सगळी देणीघेणी मिटली आहेत आणि उद्या सुट्टी आहे, असा तो चेहरा आहे. पूर्वी मी इतरांसारखा भिंतीकडे उशी करून झोपायचो, पण मग गिऱ्हाइकाला आधी माझे मोजे दिसायचे. म्हणून मालकांनी मला उलटा केला. इतकी वर्षं मी दुकानात पायथ्याकडे डोकं करूनच झोपतो, म्हणजे चेहरा थेट गिऱ्हाइकाच्या समोर येतो. (ही उलटी सवय ध्यानात ठेवा, तिनं पुढे घरात माझी चांगलीच फजिती केली.)

तर झालं असं की गेले काही महिने हा चेहरा मला जमेना. आमच्याकडे गिऱ्हाईक येतं ते दुपारी, जेवणं उरकून, कारण पोट भरलेल्या माणसालाच गादी आठवते. माझंही जेवण त्याच सुमाराला. तुमच्या सुनेनं दिलेला डबा, त्यावर कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याचे तळलेले बटाटे, कधी सोबत कांदा घातलेलं आमलेट, आणि हे सगळं खाली बसावं म्हणून वर कडक चहा. मग लगेच आडवा. आडवा झालो की छातीच्या मधोमध कोणीतरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं, आणि तो निखारा हळूहळू घशाकडे चालायला लागायचा. घशात आंबट पाणी आणि ओठांवर परमसुखाचं हसू, हे एकाच तोंडात बसत नाही हो मामा. मी पुष्कळ प्रयत्न केला. एका बाईंनी मालकांना विचारलं की यांना आतून काही टोचतंय का. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मी उठल्यावर गादीवर सगळीकडे हात फिरवून खिळा शोधला. एक नवीन लग्न झालेलं जोडपं माझ्याकडे बघून इतकं गंभीर झालं की गादी न घेताच, एकमेकांचे हात घट्ट धरून निघून गेलं.

मालक तसा भला माणूस, पण धंदा बसायला लागला की भल्या माणसाचाही आवाज बदलतो. त्यांनी मला बोलावून सांगितलं की महिनाअखेरपर्यंत चेहरा सुधारला नाही तर मला वर गोदामात पाठवतील, गाद्या चढवायला-उतरवायला, आणि झोपायला दुसरं कोणी बघतील. गोदामात दिवसभर वाकायचं आणि उचलायचं. जेवून वाकलं की जळजळ आणखी वर येते हे मला मोजे घालतानाच कळलं होतं, मग गाद्यांची काय कथा. शिवाय अभिमानाचाही प्रश्न होता. आयुष्यात एकच गोष्ट मला चांगली येते आणि तीही हातची चाललेली.

दुकानात माझ्याशिवाय हिशेब लिहिणारे एक वयस्क गृहस्थ आहेत. त्यांना सगळे काढेबुवा म्हणतात, कारण जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे काढा असतो. माझी अडचण कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते पगाराच्या दिवशीही मी कधी पाहिलेलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी बडीशेप दिली. ती बरी होती, खोटं कशाला बोलू, चघळली की थोडं हलकं वाटायचं. पण उपाय लागू पडतोय असं दिसलं की काढेबुवांना चैन पडत नाही, ते लगेच पुढचा काढतात. दुसऱ्या दिवशी पुदिन्याचा अर्क आणला. नाव थंड, वास थंड, घशातून जातानाही थंड, आणि अर्ध्या तासानं जे काही उसळलं ते मी इथे लिहीत नाही, मामी पत्र वाचतात. (पुढे कळलं की पुदिन्यानं घशाखालचं दार सैल पडतं आणि आतलं आंबट पाणी मोकळेपणानं वर येतं. म्हणजे चोरासाठी कडी काढून ठेवण्यातलाच प्रकार.) त्यानंतर त्यांनी शिरका आणला. आंबटाला आंबटानं मारायचं, असं त्यांचं शास्त्र. मी म्हटलं, आग लागली तर तुम्ही रॉकेल ओतता का. तेव्हा ते रागावले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस माझी तब्येत बरी होती.

थंड दुधाचा प्रयोगही झाला. पेलाभर दूध प्यायलो की पहिली काही मिनिटं स्वर्ग, मग हळूहळू पुन्हा तेच, उलट जास्तच. शिवाय मिशीला लागलेलं दूध न पुसताच आडवा झालो तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या लहान मुलीनं मोठ्यांदा विचारलं की हे काका अजून बाटलीनं पितात का. मग कोणीतरी सांगितलं की चघळायचा डिंक, तो मुलांचा फुगे काढायचा असतो ना, तो चघळा. तोंडाला पाणी सुटतं आणि ते आंबट पाण्याला खाली रेटतं. उपाय खरा निघाला, पण माझ्या कामाला तो चालेना. डोळे मिटून, पोटावर हात ठेवून, शांत पडलेला माणूस आणि जबडा मात्र रवंथ करतोय, हे बघून मालकांनी कपाळावर हात मारला. एका गिऱ्हाइकानं तर गादीत गवत भरलंय का म्हणून विचारलं.

इकडे घरी तुमची सून स्वस्थ बसलेली नव्हती. ती केस कापायच्या दुकानात काम करते हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिच्या कात्रीखाली मान घालून बसलेला माणूस हलू शकत नाही, त्यामुळे तो बोलत राहतो, आणि आजकाल निम्मं गाव जळजळीबद्दलच बोलतं असं ती म्हणते. रोज संध्याकाळी ती केसांच्या बरोबर चार-दोन उपायही झाडून आणायची. त्यातला एक असा की डोक्याकडची बाजू उंच करून झोपावं. मी लगेच घरातल्या सगळ्या उशा गोळा करून एकावर एक रचल्या. त्या ढिगावर मी अख्खी रात्र अर्धा बसलेला, अर्धा मोडलेला अशी काढली. पोट मधोमध दुमडलेलं, त्यामुळे आतलं सगळं पिळून वर. सकाळी मान एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला. हिनं तेव्हा समजावून सांगितलं की उशा नाही, पलंगच उंच करायचा, उशाकडच्या दोन पायांखाली वीतभर ठोकळे सारून, म्हणजे अंग सरळ राहून उतारावर येतं.

लग्नात तुम्ही दिलेला पलंग आहेच. त्याच्या दोन पायांखाली मी जुन्या दाराच्या चौकटीचे तुकडे सारले आणि मोठ्या विश्वासानं आडवा झालो. मामा, इतकी जळजळ जन्मात झाली नव्हती. सगळं पोट घशात येऊन बसलं. सकाळी मी उठून काढेबुवांच्या आवाजात हिला सांगितलं की हे उपाय म्हणजे सगळी थोतांडं. ही पलंगाच्या त्या टोकाला छान उंचावर झोपली होती. तिनं एक डोळा उघडला, माझ्याकडे खाली बघितलं, हो, खाली, आणि म्हणाली की जरा बघ तू कुठे झोपलायस. मी पायथ्याशी डोकं करून झोपलो होतो. दुकानातली सवय. दिवसभर उलटा झोपणारा माणूस घरी येऊन विचार न करता उलटाच आडवा होतो, आणि उंच केली होती उशाकडची बाजू, म्हणजे माझे पाय. मी रात्रभर डोंगरावरून उलटा लटकलेला होतो. ही त्यानंतर इतकी हसली की शेजारच्या बाई काही झालं का म्हणून विचारायला आल्या, आणि हिनं ते त्यांना सांगितलंही.

सरळ झोपल्यावर मात्र फरक पडला. आता दोघंही थोडे घसरत होतो आणि सकाळी पायथ्याशी एका ढिगात सापडत होतो. (मी तक्रार करत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असा ढीग होणं वाईट नाही.) मग हिनं गुळगुळीत चादर काढून खरखरीत घोंगडी घातली आणि घसरणं थांबलं. डाव्या कुशीवर झोपावं, असंही तिच्या कोण्या गिऱ्हाइकानं सांगितलं होतं. घरी ते जमलं. दुकानात ते करून बघितलं, पण तिथे डावी कूस म्हणजे गिऱ्हाइकाला पाठ आणि तोंड रस्त्याच्या काचेकडे. बाहेरचे लोक काचेला नाक लावून माझ्याकडे बघायला लागले आणि आतल्या गिऱ्हाइकाला वाटलं की त्याच्या एखाद्या बोलण्यावर मी रुसलोय. ते बिचारे माझ्या पाठीची समजूत काढत होते.

खरी गोम कशात आहे हे हिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिनं मला ते पहिल्याच दिवशी सांगितलंही होतं आणि मी कानाडोळा केला होता. थोडं खा, लवकर खा, तळलेलं सोड, चहा आवर, पट्टा सैल कर, आणि जेवून निदान दोन-तीन तास वाकू नकोस आणि आडवा होऊ नकोस. हे ऐकून मी तिला सांगितलं होतं की बाई, आडवं होणं हा माझा धंदा आहे. पोहणाऱ्याला पाण्यात जाऊ नको सांगण्यासारखं आहे हे. ती म्हणाली मग जेवण पुढे ओढ. सकाळी अकराच्या आत मऊ भात आणि उकडलेली भाजी, दुपारी भूक लागली तर एक केळं. मामा, मला रडू आलं. तळलेले बटाटे नाहीत, कांदा नाही, आणि गाडीवाला तर मी समोरून नुसता निघून गेलो की माझ्याकडे असा बघायचा की जणू मी त्याच्या घरच्या कार्यातून न जेवता उठलो. पण महिनाअखेर जवळ येत होती आणि वर गोदामाचा दरवाजा रोज मला दिसत होता. मी हात टेकले.

नेमक्या त्याच आठवड्यात मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षक बाई येणार असल्याचं कळलं. सगळ्या वसतिगृहाच्या गाद्या बदलायच्या, म्हणजे आमचं वर्षभराचं भलं. मालकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आज चेहरा जमला तर जमला. मी त्यांना न विचारता मधल्या पलंगाच्या पायथ्याकडच्या पायांखाली दोन ठोकळे सारले. (पायथ्याकडच्या. दुकानात माझं डोकं तिकडे असतं. या वेळी मी बसून, बोटांनी मोजून, नीट विचार करून सारले.) अकराच्या आत भात, नंतर एक केळं, पट्टा सैल, खिशात थोडी बडीशेप. दोनच्या सुमाराला बाई आल्या. उंच, सुकड्या, आणि कोणाच्याही बोलण्यावर विश्वास न ठेवायची सवय लागलेल्या. त्यांनी गादीवर मूठ दाबली, शिवण उसवून पाहायचा प्रयत्न केला, कापडाचा वास घेतला. मालक बोलत होते आणि त्या ऐकत नव्हत्या. मालकांनी मला खूण केली. मी आडवा झालो, पोटावर हात जुळवले आणि वाट बघितली. निखारा आला नाही. आणखी वाट बघितली. काहीच नाही. छातीत नुसती छाती होती.

पुढचं मला काढेबुवांकडून कळलं, कारण मी तिथे नव्हतो. मामा, मी झोपलो. खरोखर झोपलो. कित्येक आठवडे धड डोळा लागला नव्हता, ते सगळं एकदम वसूल झालं. काढेबुवा सांगतात की माझं तोंड उघडं पडलं, एक हात पलंगाखाली लोंबला, आणि जो आवाज सुरू झाला त्यानं काच थरथरली. इतकी वर्षं मी कमावलेला चेहरा तो अजिबात नव्हता. मालकांचं धाबं दणाणलं. ते मला हलवायला धावले तर बाईंनी त्यांचा हात धरला.

"उठवू नका त्यांना," बाई म्हणाल्या. "दुकानदारांचे चेहरे मी पुष्कळ पाहिलेत. हा माणूस खरंच झोपलाय. मला हीच गादी हवी."

त्यांनी सगळ्या वसतिगृहाची ऑर्डर दिली, आणि जाताना पलंग एका बाजूनं उंच का आहे हेही विचारलं. काढेबुवांनी सांगितल्यावर त्या जरा घुटमळल्या, मग हळूच म्हणाल्या की त्यांनाही रात्री छातीत जळतं. एवढ्या करड्या बाई, पण ते सांगताना अगदी शाळकरी मुलीसारखा आवाज झाला होता म्हणे. मी जागा झालो तेव्हा संध्याकाळ झाली होती, अंगावर एक नवी कोरी चादर होती आणि मालक माझ्यासाठी कोपऱ्यावरून तळलेले बटाटे घेऊन उभे होते. ते काढेबुवांनी खाल्ले. त्यांना रात्री काय झालं ते मी विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी ते स्वतःच बडीशेप चघळत होते.

एवढं सगळं बरं झाल्यावर मला वाटलं, झालं, सुटलो. पण हिनं मला तरीही डॉक्टरांकडे नेलं. तिच्या दुकानाच्या शेजारीच त्यांचा दवाखाना आहे आणि ते केस तिच्याकडेच कापतात, त्यामुळे तिला नाही म्हणण्याची त्यांची हिंमत नाही. (माझीही नव्हती.) मी त्यांना म्हटलं की मी तर बरा आहे. ते म्हणाले मग बघायला काय हरकत आहे. वीस मिनिटंही लागली नाहीत. मला उगाच वाटत होतं की ते नळी-बिळी घालतील. त्यांनी आधी नुसतं विचारलं, मग पोट दाबून बघितलं. घरचे उपाय त्यांना सगळे पसंत पडले, थोडं जेवण, उंच पलंग, डावी कूस, बडीशेप, केळं, सगळंच. फक्त सोडा त्यांना आवडला नाही. कधीमधी ठीक, पण रोज चमचा-चमचा घेत राहिलं तर तो आग विझवत नाही, नुसती झाकतो, आणि अंगाला दुसरे त्रास लावतो, असं म्हणाले. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. जळजळ आठवडेच्या आठवडे जात नसेल, घास उतरताना अडकत असेल, किंवा काही न करता कपडे सैल व्हायला लागले असतील, तर घरच्या उपायांवर बसून राहायचं नाही, लगेच दाखवायचं. दुखणं हातात, जबड्यात गेलं आणि घाम फुटला तर दवाखान्याचीही वाट न बघता थेट इस्पितळ गाठायचं. हे त्यांनी मला माझ्याबद्दल सांगितलं. मी तुम्हाला माझ्याबद्दलच लिहितो आहे. मामींना दिलेला शब्द मी अजून पाळतो आहे, हे पाहून घ्यावं.

बाकी क्षेम. मामींना नमस्कार, कुत्र्याला आशीर्वाद. पत्राचं उत्तर लांब लिहावं आणि त्यात प्रकृती उत्तम आहे हे एकदाच लिहावं.

तुमचा,
झोपण्यात हुशार भाचा

ता. क. खरं म्हणजे पत्र एका कामासाठी लिहायला घेतलं होतं आणि तेच राहिलं. मालकांनी अधीक्षक बाईंच्या पलंगासाठी ठोकळे द्यायचं कबूल केलंय. साधे नकोत, पक्क्या लाकडाचे, वीतभर उंच आणि वर पाय बसायला खळगा असलेले, म्हणजे पलंग घसरणार नाही. मालक म्हणतात असा खळगा तुमच्याच हाताचा हवा. मापं घ्यायला तुम्हाला स्वतः इथे यावं लागेल, हे पत्रानं होणार नाही. शनिवारी या. हत्यारांची पेटी आणा.

ता. क. दुसरा. शनिवारी आलात की डॉक्टरांच्याही दवाखान्यात जरा डोकवा. त्यांचं तपासायचं टेबल माणूस चढला की कुरकुरतं आणि पेशंट आधीच घाबरलेला असतो तो आणखी घाबरतो. तुम्ही त्यांचं टेबल तपासाल, ते तुम्हाला तपासतील, कोणाचं कोणावर ओझं नाही. साडेदहाची वेळ घेऊन ठेवली आहे. टेबलासाठीच.

ता. क. तिसरा. ही शेजारी बसून वाचते आहे आणि म्हणते की मामांशी खोटं बोलू नकोस. बरं. ठोकळे आले, मामा. बाजारात तयार मिळतात, कालच बाईंच्या पलंगाखाली बसलेसुद्धा. डॉक्टरांचं टेबल लोखंडी आहे. तेव्हा हत्यारांची पेटी राहू द्या. मामी म्हणाल्या की तुम्ही पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलंत, आणि प्रत्येक घासाबरोबर पाणी घेतल्याशिवाय तुम्हाला गिळता येत नाही. त्यांनी हे हिला सांगताना फोन खाली ठेवला आणि पुन्हा उचलायला वेळ लावला. मला भीती वाटते, आणि ती तुमच्यापासून लपवायला मला जमत नाही. कदाचित काहीच नसेल. तसं झालं तर माझी यथेच्छ थट्टा करा, मी जन्मभर ऐकून घेईन. लहानपणी मला ताप आला की तुम्ही दुकानाला कुलूप लावून मला खांद्यावर टाकायचात आणि डॉक्टरकडे न्यायचात. मी रडायचो, लाथा झाडायचो, तुमच्या कानाला चावलोही होतो. जायचंय का म्हणून मला एकदाही विचारलं नाहीत. मीही विचारत नाही. शनिवारी पहिल्या गाडीनं घ्यायला येतो आहे, दाढी करून तयार राहा.